जुगार नव्हे, ‘हुगार’ : मैदानावरच्या स्पॅनिशविषयी वाचकांचे प्रश्न

खेळांविषयी स्पॅनिशमध्ये बोलता यावं म्हणून धडपडणाऱ्या वाचकांची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. स्पेनमध्ये यातला ‘ह’ घशातून घासत, जवळजवळ ‘ख’सारखा येतो आणि पुष्कळ ठिकाणी ‘स’च्या जागी जीभ दातांत धरून ‘थ’सारखा आवाज काढतात. एवढा फरक मनात धरून वाचावं.

प्रश्न : मोबाइलवरच्या एका यादीतून खेळांचे दोनशे स्पॅनिश शब्द पाठ केले. कोणी विचारलं तर घडाघडा म्हणतो. पण अर्जेंटिनाच्या सामन्याचं स्पॅनिश समालोचन लावलं की एकही शब्द कानाला सापडत नाही. चुकतंय कुठे?
(एक विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : यादीतच चुकतंय. यादीत नामं असतात : चेंडू, पंच, शिट्टी, मैदान. समालोचकाचं काम मात्र क्रियापदांवर चालतं, आणि ती क्रियापदं मोजकीच असतात. ‘ला तिएने’ म्हणजे चेंडू त्याच्याकडे आहे. ‘रेसीबे’ म्हणजे घेतला, ‘तोका’ म्हणजे हलकेच पास दिला, ‘साका’ म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणारी किक किंवा फेक, ‘देस्पेहा’ म्हणजे धोक्यातून दूर मारला, ‘रेमाता’ म्हणजे गोलवर मारला, ‘ले पेगा दे सुर्दा’ म्हणजे डाव्या पायाने हाणला. या सात-आठ शब्दांवर अर्धा सामना निघतो. शिवाय खेळाडूचं नाव बहुतेक वेळा क्रियापदाच्या मागून येतं : ‘साका एल आर्केरो’, मारली किक गोलकीपरनं. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत माइकवरचा माणूस ‘उचलला चेंडू कॅप्टननं!’ असं ओरडतो, तीच रचना. तुम्ही कर्ता आधी येण्याची वाट बघता, तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं.

दुसरं कारण जिभेचं आहे. इंग्रजीच्या वाटेने शिकलेला माणूस पेलोटा, पार्टिडो, पोर्टेरो म्हणतो. स्पॅनिशमध्ये ट-ड नाहीत. जीभ दातांना टेकते, सरळ आपला ‘त’ आणि ‘द’ : पेलोता (चेंडू), पार्तीदो (सामना), पोर्तेरो (गोलकीपर). प, त, क म्हणताना श्वासाचा फुत्कारही नको, म्हणजे तेही अगदी मराठीसारखे. हे आवाज मराठी माणसाला जन्मतःच येतात आणि इंग्रजी शिकवणी लावली की बिघडतात. तोंडाने जे चुकीचं घोकलं, ते कानाला बरोबर ऐकू आलं तरी ओळखू येत नाही.

दोन ठिकाणी मात्र मराठीही फसवते. ‘कांचा’ म्हणजे मैदान. यातला ‘च’ चहातला, चाकातला नव्हे. आणि स्पॅनिशमध्ये साधा ‘र’ आपलाच असला तरी जोड ‘र्र’ थरथरवावा लागतो. बैल हाकताना ‘हुर्रर्र’ म्हणतो तेव्हा जीभ जशी फडफडते तशी. पेरो म्हणजे ‘पण’, पेर्रो म्हणजे कुत्रा. शब्दाच्या सुरुवातीला आलेला र नेहमीच थरथरता असतो, लिहिताना एकच दिसला तरी.

आता पद्धत. पूर्ण सामना लावू नका. ठळक क्षणांची दोन मिनिटांची चित्रफीत पुरे. पहिल्यांदा चित्र बघत ऐका. दुसऱ्यांदा मोबाइल पालथा ठेवून नुसता आवाज ऐका आणि जो आवाज तीनदा तरी कानावर आला तो जसा आला तसा देवनागरीत लिहा. पाच-सहाच शब्द लिहा, जास्त नको. मग त्यांचं मूळ स्पेलिंग शोधा. रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा स्पॅनिश कोश नेटवर फुकट आहे. इथे बहुतेक जण अडतात, कारण एकाच आवाजाला दोन-तीन अक्षरं असतात. ‘ह’ ऐकू आला तर जे लावून बघा, पुढे ए किंवा इ असेल तर जी लावूनही बघा. ‘ब’ला बी आणि व्ही दोन्ही. ‘स’ला एस, सी, झेड. आणि एच लिहिलेला असला तरी त्याचा उच्चार शून्य, म्हणून ‘आसेर’ हा शब्द कोशात एचखाली सापडतो. वहीत देवनागरीच्या शेजारी मूळ स्पेलिंग लिहिलंच पाहिजे. नुसत्या देवनागरीच्या भरवशावर राहिलात तर महिन्याभरात लिहिता काहीच येणार नाही.

शेवटी चित्रफितीचा आवाज बंद करून त्या पाच शब्दांत स्वतः समालोचन करा. हे करताना लाज वाटते म्हणून लोक ही पायरी गाळतात, आणि शब्द तोंडात बसतो तो याच पायरीला. उजळणी त्याच रात्री, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी.

प्रश्न : खेळण्याला स्पॅनिशमध्ये जे शब्द आहे तो वाचताना ‘जुगार’ असाच दिसते. आपला जुगार आणि हा एकच काय?
(एक शेतकरी वाचक, ता. उमरखेड, जि. यवतमाळ)

उत्तर : दिसायला एक, नातं काही नाही. आपला जुगार द्यूताच्या घराण्यातला. स्पॅनिश शब्द लॅटिनमधल्या थट्टामस्करी करण्याच्या क्रियापदावरून आला आणि त्याचा उच्चार ‘हुगार’. गंमत अशी की पैसे लावून खेळणं, लॉटरी खेळणं यालाही स्पॅनिशमध्ये हुगारच म्हणतात. तेव्हा लक्षात ठेवायला तुमची युक्ती चांगली आहे, फक्त तोंडाने ‘ज’ काढू नका.

खरा घोटाळा त्या क्रियापदाच्या रूपांत आहे. मी खेळतो : हुएगो. तू खेळतोस : हुएगास. तो खेळतो : हुएगा. ते खेळतात : हुएगान. पण आम्ही खेळतो : हुगामोस. ‘आम्ही’ला मधला ‘उए’ गळतो आणि साधा ‘उ’ परत येतो. नवखा माणूस सगळीकडे एकच साचा लावून ‘यो हूगो’ म्हणतो. लॅटिन अमेरिकेत हूगो म्हणजे फळाचा रस. ‘मी फुटबॉल रस’ असं काहीतरी ऐकणाऱ्याच्या कानी पडतं. पेर्देर (हरणे) या क्रियापदातही असंच होतं : पिएर्दो म्हणजे मी हरतो, पण आम्ही हरतो हे पेर्देमोस.

एक गोष्ट मात्र वऱ्हाडी माणसाला फुकटात मिळते. ‘तो खेळून राहिला’ हे पुण्याकडच्या शिक्षकाला खटकेल, पण स्पॅनिशला चालतं. एस्ता हुगान्दो : ‘हुगान्दो’ म्हणजे खेळून, ‘एस्ता’ म्हणजे राहिला. मी पळून राहिलो : एस्तोय कोर्रिएन्दो. आम्ही जिंकून राहिलो : एस्तामोस गानान्दो. फरक क्रमाचा. आपलं ‘राहिलो’ शेवटी येतं, त्यांचं आधी. ‘जिंकत चाललो’ असं म्हणायचं असेल तर ‘बामोस गानान्दो’, तिथेही जाण्याचंच क्रियापद मदतीला येतं. मग धावसंख्या : बामोस गानान्दो दोस आ उनो, दोनास एक असे पुढे आहोत.

प्रश्न : मी ताडोब्याला सफारीचं वाहन चालवतो. स्पॅनिश बोलणारे पाहुणे येतात. वाघ नाही दिसला की फुटबॉलवर बोलणं निघतं. पण एका पाहुण्याने गोलकीपरला पोर्तेरो म्हटलं, दुसऱ्याने आर्केरो. बरोबर कोणतं?
(एक वाहनचालक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही. पहिला पाहुणा बहुधा स्पेनचा, दुसरा दक्षिण अमेरिकेतला. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे आणि फुटबॉलच्या शब्दांत हे देश जितके वेगळे पडतात तितके क्वचितच कुठे पडत असतील. म्हणून आधी ‘दे दोन्दे एस?’ (तुम्ही कुठले?) हे विचारून घ्या आणि त्याप्रमाणे शब्द निवडा.

स्पेनमध्ये गोल म्हणजे ती चौकट ‘पोर्तेरीया’, दाराच्या ‘पुएर्ता’ची बहीण, आणि ती राखणारा पोर्तेरो, म्हणजे दारवान. अर्जेंटिनात तीच चौकट ‘आर्को’, म्हणून आर्केरो. आर्को म्हणजे कमान आणि धनुष्यही. त्यामुळे तिरंदाजालासुद्धा आर्केरोच म्हणतात. 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीचा जगज्जेता झालेला नागपूरचा ओजस देवतळे हा आर्केरो, असं सांगितलंत तर अर्जेंटिनाचा पाहुणा आधी त्याला गोलकीपर समजेल. ‘दे तीरो कोन आर्को’ (धनुष्याने मारण्याच्या खेळाचा) एवढं जोडलं की प्रश्न मिटला.

पेनल्टी किक स्पेनमध्ये ‘पेनाल्ती’, पलीकडे ‘पेनाल’, आणि त्यात जोर शेवटच्या ‘नाल’वर. कॉर्नर दोन्हीकडे ‘कोर्नेर’ चालतो, पण स्पेनच्या वर्तमानपत्रात ‘साके दे एस्कीना’ आणि मेक्सिकोकडे ‘तीरो दे एस्कीना’ वाचायला मिळेल. ऑफसाइडला स्पेनमध्ये ‘फुएरा दे हुएगो’, म्हणजे शब्दशः खेळाबाहेर. अर्जेंटिनात इंग्रजी शब्दच घासून ‘ओर्साय’ झाला आहे. आपल्याच गोलमध्ये मारलेला गोल स्पेनमध्ये ‘गोल एन प्रोपिया पुएर्ता’, अर्जेंटिनात ‘गोल एन कोन्त्रा’, मेक्सिकोत ‘आउतोगोल’. मैदानाला स्पेनमध्ये ‘काम्पो’, लॅटिन अमेरिकेत ‘कांचा’. हा कांचा पेरूच्या डोंगरातल्या केचुआ भाषेतून आला, मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. आपलं आवारच म्हणा. ‘काम्पो’चा दुसरा अर्थ शेतशिवार, खेड्यापाड्याचा मुलूख. तुम्ही ‘बीबो एन एल काम्पो’ म्हणालात तर पाहुणा ‘हा खेड्यात राहतो’ असंच समजेल, स्टेडियममध्ये नाही.

सामन्याला ‘पार्तीदो’ म्हणायचं. राजकीय पक्षालाही पार्तीदोच म्हणतात, तेव्हा निवडणुकीच्या दिवसांत ‘तुमचा पार्तीदो कोणता’ हे विचारताना जपून. आवडता संघ विचारायचा असेल तर ‘दे के एकीपो एरेस?’, तुम्ही कोणत्या संघाचे?

एक इशारा. स्पेनमध्ये पकडणे, घेणे यासाठी ‘कोहेर’ हे क्रियापद दिवसातून शंभरदा वापरतात आणि पुस्तकांतही तेच असतं. मेक्सिको, अर्जेंटिना आणि आजूबाजूच्या देशांत ते अश्लील आहे. बॉल पकडला, हात धरला, दुर्बीण घेतली, कशालाही ‘आगार्रार’ म्हणा. हा शब्द सगळीकडे चालतो आणि कुठेही मान खाली घालायला लावत नाही.

बोलणं सुरू ठेवायला एक वाक्य पुरतं : ‘बियो ला फिनाल देल दोस मिल बेइन्तिदोस?’ 2022 ची अंतिम लढत पाहिली का? अर्जेंटिना आणि फ्रान्स 3-3, मग पेनल्टीवर 4-2. पाहुणा अर्जेंटिनाचा असेल तर पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, फक्त ऐकायचं.

प्रश्न : ‘मला कबड्डी आवडते’ हे इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये नेताना माझी मुलं दर वेळी चुकतात. ‘यो गुस्तो कबड्डी’ लिहितात.
(एक शिक्षिका, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : इंग्रजीवरून नेऊच नका. इंग्रजीत आवडणाऱ्या माणसाला कर्ता करतात, स्पॅनिशमध्ये नाही, मराठीतही नाही. ‘मे गुस्ता एल कबड्डी’ : मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडते. खेळ अनेक झाले की क्रियापद बदलतं, जसं ‘आवडतो’चं ‘आवडतात’ होतं : मे गुस्तान लोस देपोर्तेस, मला खेळ आवडतात. तुला : ते. त्याला किंवा तिला : ले. आम्हाला : नोस. त्यांना : लेस. फळ्यावर डावीकडे मराठी, उजवीकडे स्पॅनिश लिहा आणि मध्ये इंग्रजीला जागा ठेवू नका. पहिल्याच तासाला हे बसतं. मुलं नामाआधीचा एल किंवा ला विसरतील, ते मात्र रोज टोकावं लागेल. नाम वहीत उतरवतानाच एल-लासकट उतरवायचं, ‘पेलोता’ नव्हे, ‘ला पेलोता’. शेवटी ओ म्हणजे पुल्लिंग हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी चालतो, पण हात ‘ला मानो’ आहे, आणि हँडबॉलचा फाउल पुकारताना तोच शब्द लागतो.

प्रश्न : आमच्या शाळेचा खो-खोचा संघ आहे. 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताच्या पुरुषांच्या गटात पेरू होता हे मुलींना सांगितल्यापासून त्या विचारतात की पेरूच्या खेळाडूला आपला खेळ कसा सांगायचा. कबड्डीचंही सांगावं.
(एक क्रीडाशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : पेरूचा खो-खो खेळाडू नियम जाणतोच. सांगायचं असतं ते त्याच्या घरच्यांना किंवा आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला. मराठी नियम भाषांतरित करायला गेलात तर खांब, चौक, पाटी यांतच अडकाल. मैदानात उभे राहा आणि हाताने दाखवत छोटी वाक्यं बोला.

खो-खो : ‘ओचो हुगादोरास एस्तान सेन्तादास एन फिला.’ आठ खेळाडू ओळीत बसल्या आहेत. ‘उना मीरा आ ला इस्किएर्दा, ला सिगिएन्ते आ ला देरेचा.’ एकीचं तोंड डावीकडे, पुढचीचं उजवीकडे. ‘ला के कोर्रे तोका आ उना कोम्पान्येरा एन ला एस्पाल्दा इ दीसे खो.’ धावणारी जोडीदारणीच्या पाठीला हात लावते आणि खो म्हणते. ‘एन्तोन्सेस ला ओत्रा से लेबान्ता इ कोर्रे.’ मग ती दुसरी उठते आणि धावते. इथवर सोपं आहे. पाहुणा हमखास अडतो ते पुढच्या दोन नियमांवर : धावणारी दिशा बदलू शकत नाही आणि बसलेल्यांच्या मधून जाऊ शकत नाही. ‘नो पुएदे काम्बियार दे दिरेक्सिओन. नो पुएदे पासार एन्त्रे लास सेन्तादास.’ लगेच जोडा : ‘लास के उयेन सी पुएदेन’, पळणाऱ्या जाऊ शकतात. हे ‘सी’ वाक्यात ठासून म्हणायचं, आपल्या ‘मात्र’सारखं. सगळी गंमत त्याच नियमात आहे आणि तो गाळला तर पाहुण्याला वाटतं, धावणारी सरळ जाऊन पकडत का नाही.

ही वाक्यं मुलींसाठी आहेत, म्हणून हुगादोरास, सेन्तादास, कोम्पान्येरा. मुलांचा संघ असेल तर हुगादोरेस, सेन्तादोस, कोम्पान्येरो, आणि लास जिथे आहे तिथे लोस. मराठीत ‘बसल्या’चं ‘बसले’ होतं तसंच, पण अर्ध्यात विसरू नका. पहिल्या वाक्यात मुली आणि तिसऱ्यात मुलं, असं फार होतं.

कबड्डी : ‘आय दोस एकीपोस दे सिएते.’ सातजणांचे दोन संघ. ‘उन हुगादोर एन्त्रा एन एल काम्पो कोन्त्रारियो.’ एकजण समोरच्या अंगणात शिरतो. ‘रेपीते कबड्डी, कबड्डी, सिन तोमार आइरे.’ श्वास न घेता कबड्डी, कबड्डी म्हणत राहतो. ‘तिएने त्रेइन्ता सेगुन्दोस.’ त्याच्याकडे तीस सेकंद असतात. ‘तोका आ लोस रिबालेस इ बुएल्बे.’ गड्यांना शिवतो आणि परत येतो. ‘सि लो आगार्रान इ नो बुएल्बे, केदा एलिमिनादो.’ धरला आणि परत आला नाही, तर बाद. दम, पकड, लोण हे शब्द तसेच मराठीत ठेवा आणि एकदा अर्थ सांगून पुढे वापरा. ज्यूदोवाले जपानी शब्द जगभर तसेच वापरतात. आपणच का लाजायचं? 2016 मध्ये अहमदाबादला कबड्डीच्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा संघ होता, म्हणजे हे शब्द त्या मुलखात अगदीच परके नाहीत.

‘तोकार’ हे क्रियापद नीट पाठ करून ठेवा. शिवणे म्हणजे तोकार. वाद्य वाजवणेही तोकार. आणि ‘ते तोका’ म्हणजे तुझी पाळी. लपाछपीत किंवा शिवाशिवीत ‘तुझ्यावर राज्य’ म्हणायचं असेल तर देश बघावा लागतो : स्पेनची मुलं ‘तू ला येबास’ म्हणतात, मेक्सिकोची ‘ला त्राएस’.

प्रश्न : मी नववीत आहे आणि बुद्धिबळ खेळते. दिव्या देशमुखने 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या गावात पट वाढले आहेत. ऑनलाइन खेळताना स्पॅनिश मुली भेटतात. मोहऱ्यांची नावं सांगा.
(एक विद्यार्थिनी, ता. काटोल, जि. नागपूर)

उत्तर : राजा रेय, वजीर दामा, हत्ती तोर्रे, उंट आल्फील, घोडा काबायो, प्यादं पेओन. पट ताब्लेरो आणि खेळाचं नाव आहेद्रेस.

हे आहेद्रेस म्हणजे आपलं चतुरंगच. संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत शत्रंज होऊन अरबांबरोबर स्पेनला पोचलं आणि तिथे पार ओळखू येईनासं झालं. आल्फील तर अरबी ‘अल-फील’, म्हणजे हत्ती. तू ज्याला उंट म्हणतेस त्याचं स्पॅनिश नाव मुळात हत्ती आहे, आणि तुझ्या हत्तीला ते तोर्रे, म्हणजे बुरूज म्हणतात. पाठ करताना इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून आधी आल्फील आणि तोर्रे हेच दोन पक्के कर. पेओन म्हणजे पायदळातला शिपाई, आणि लॅटिन अमेरिकेत शेतमजुरालाही पेओन म्हणतात.

शह म्हणजे हाके. दोन्ही शब्द एकाच फारसी ‘शाह’पासून आलेले. ‘हाके माते’ म्हणजे शह आणि मात. मोठ्याने म्हणून बघ, भाषांतराची गरजच पडत नाही. बरोबरी म्हणजे ताब्लास. किल्लेकोट म्हणजे एन्रोके. चाल उरली नाही पण शहही नाही, अशा स्थितीला ‘रेय आओगादो’ म्हणतात, बुडालेला राजा.

चाली लिहिताना मात्र सावध राहा. इंग्रजी नोंदीत आर म्हणजे रूक, तुझा हत्ती. स्पॅनिश नोंदीत आर म्हणजे रेय, राजा. हत्तीला टी, वजिराला डी, उंटाला ए, घोड्याला सी, आणि प्याद्याला काहीच नाही. स्पॅनिश पुस्तकातला डाव मांडताना पटावर काहीतरी अशक्य घडलं, तर पुस्तकाला दोष देण्याआधी हे अक्षर तपास.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतो, 1600 मीटर आणि गोळाफेक. धावण्याचे आणि दुखापतीचे शब्द हवेत.
(एक उमेदवार, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : धावणे कोर्रेर, शर्यत कार्रेरा, सुरुवात सालीदा, शेवटची रेषा मेता, वेळ तिएम्पो. ‘कोर्रो मिल सेइसिएन्तोस मेत्रोस’, मी सोळाशे मीटर धावतो. गोळाफेक स्पेनमध्ये ‘लान्सामिएन्तो दे पेसो’ (वजन फेकणे), लॅटिन अमेरिकेत ‘लान्सामिएन्तो दे बाला’. बाला म्हणजे बंदुकीची गोळीही. भरती पोलिसांची आहे, तेव्हा कोणी हसलं तर समजून घ्या.

दुखण्याचं वाक्य सांगताना ‘माझा’ वापरायचा नाही. ‘मे दुएले ला रोदिया’, शब्दशः मला गुडघा दुखतो. ‘मे तोर्सी एल तोबियो’, घोटा मुरगळला. ‘तेन्गो उन कालाम्ब्रे एन ला पान्तोर्रिया’, पोटरीत पेटका आला. आपल्याकडच्या मे महिन्यासाठी ‘इन्सोलासिओन’ हा शब्द घ्या, ऊन लागणं. तहान लागली : तेन्गो सेद.

प्रश्न : याची परीक्षा, सर्टिफिकेट काही असतं का?
(एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : खेळाच्या शब्दांचं वेगळं नाही. स्पॅनिश भाषेची देले नावाची परीक्षा इन्स्तितूतो सेर्बान्तेस घेतं, त्यांचं केंद्र नवी दिल्लीत आहे. पहिली पातळी ए-1. त्यात आवडीनिवडी सांगाव्या लागतात, तेव्हा वरचं ‘मे गुस्ता’ तिथे कामी येईल.

प्रश्न : आमच्या गावात मुलींचा फुटबॉल संघ उभा राहिला आहे. कापूस वेचून आल्यावर तासभरच खेळायला मिळतो, वही-पेन घेऊन बसायला कोणाला वेळ नाही. मैदानावर ओरडण्यापुरते शब्द द्या.
(एक बचत गट कार्यकर्ती, ता. पांढरकवडा, जि. यवतमाळ)

उत्तर : वेळ नसणाऱ्यांसाठी हीच पद्धत उत्तम. एका आठवड्याला तीनच आरोळ्या घ्या आणि त्या आठवड्यात त्या गोष्टीसाठी मराठी शब्द वापरायचा नाही असं ठरवा. जी विसरेल तिने मैदानाची एक फेरी मारायची.

पहिला आठवडा : ‘पासाला!’ (पास दे), ‘मीया!’ (माझा बॉल), ‘बामोस!’ (चला). पेलोता स्त्रीलिंगी, म्हणून मीया. आपला बॉल पुल्लिंगी, म्हणून मुली हटकून ‘मीयो’ ओरडतील. टोका, पण खेळ थांबवू नका.

दुसरा : ‘सोला!’ म्हणजे तुझ्याजवळ कोणी नाही, मोकळी आहेस. ‘तीरा!’ म्हणजे मार गोलवर. ‘आत्रास!’ म्हणजे मागे. मुलाला उद्देशून असेल तर सोला नव्हे, सोलो.

तिसरा : ‘तिएम्पो!’ म्हणजे घाई नको, वेळ आहे. ‘फुएरा!’ म्हणजे बॉल रेषेबाहेर गेला. आणि कडेला उभ्या असलेल्या बाईने विचारायचा प्रश्न, ‘कोमो बान?’, किती झाले? उत्तर नुसत्या आकड्यात : दोस आ सेरो, दोन-शून्य. बरोबरी असेल तर ‘एम्पाते’. सेरो ते सिन्को एवढे आकडे पुरतात : सेरो, उनो, दोस, त्रेस, कुआत्रो, सिन्को. त्यापुढे गोल जात असतील तर शब्द राहू द्या, आधी गोलकीपरकडे बघा.